आईंच्या तोंडचं ‘माघारी’

सेरंगून, सिंगापूर
३ मार्च २०१९

प्रिय सुचित्रा,

तुझं पाकीट मिळून तीन आठवडे होऊन गेले. पोच फोनवर दिली, पण तू मागितलं होतंस ते पाठवलं नाही. आईंच्या तोंडचे शब्द एका पुस्तिकेत छापून वर्षश्राद्धाला घरच्यांना वाटायचे, हे तुझ्या मनात आलं तेव्हा मी शिरीषला म्हटलं होतं, की तुझ्या बहिणीला रडायचं झालं तरी आधी वही आखून घ्यावी लागते. शाळेतल्या मराठीच्या बाई तुम्ही, तुमचं असंच असायचं. तू पाठवलेल्या झेरॉक्स पानांवर ‘गावणं’, ‘इस्कटणं’, ‘कालवा’ अशा सगळ्या शब्दांसमोर आईंची दोन-दोन वाक्यं आहेत आणि ‘माघारी’चं पान जवळजवळ कोरं आहे. वर बारीक अक्षरात लिहिलंयस, की वहिनी, हा शब्द शेवटची दोन वर्षं तुझ्याच कानांवर पडला, तेव्हा हे पान तू भर. आणि अगदी तळाशी तुझी स्वतःची ओळ : ‘शेवटचा उपयोग – आता माघारी येऊन काय करणार आहेस, आई? (मी, फोनवर, ६ मार्च).’ ती ओळ वाचली आणि मी ते पान घडी घालून तांदळाच्या डब्याखाली सरकवलं. आज काढलं आहे. शिरीष अवनीला घेऊन ईस्ट कोस्टला सायकली चालवायला गेलाय, संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि मला आजच हे संपवायचं आहे.

लग्न होऊन कराडला आले तेव्हा हा शब्द मला दारातच भेटला. आमच्या पुण्याच्या घरी कुणी बाहेर पडलं तर ‘अच्छा’ म्हणायचे. आई मात्र कुणालाही नुसतं ‘जा’ म्हणत नसत, ‘जा आन् माघारी ये’ असं एका दमात म्हणत. पोस्टमनलासुद्धा म्हणत. माझ्या त्या पहिल्याच उन्हाळ्यातली गंमत तुला आठवते का? अण्णा पेपर तपासायला कोल्हापूरला निघाले होते, पायऱ्या उतरून रस्त्याला लागले आणि ओट्यावर त्यांचा डबा राहिलेला मला दिसला. मी आपली शहाणी, धावत दारात गेले आणि खणखणीत आवाजात ‘अण्णा, डबा’ म्हणून ओरडले. आईंचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्यावर दगड फेकला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. अण्णांना माघारी बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा तोंडात घातला आणि मग पुन्हा पाठवलं. त्यात त्यांची एसटी चुकली. आई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच जवळ बसून सांगितलं, की एखाद्याचं काही राहिलं तर हाक नाही मारायची, मागून पळत जायचं, त्याला ओलांडून पुढं उभं राहायचं आणि समोरून हातात द्यायचं. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी मोठ्यानं बोललं की ‘संजीवनीची हाक’ म्हणून तुम्ही सगळे मला चिडवत होतात. पळत जाऊन पुढं उभं राहायचं, हे लक्षात ठेव, मी त्यावर परत येणार आहे.

माघारीण, म्हणजे माहेरी आलेली लेक, हा शब्द तर तुझाच होता. दिवाळीत तू आलीस की आई गल्लीभर सांगत सुटायच्या, आमची माघारीण आली, आमची माघारीण आली. आणि मला, घरच्या सुनेला, त्या चार दिवसांत चुलीपुढून हलता यायचं नाही, त्याचा राग मी अजून विसरलेली नाही, गमतीनं सांगते असं समज. पण इथे आल्यावर त्यांनी या शब्दाचा एक नवाच उपयोग काढला. अण्णा गेल्यावर आम्ही त्यांना घेऊन आलो, आठव्या मजल्यावरची खोली दिली, खिडकीत कुंडी ठेवली. एकदा समोरच्या तमिळ बाईंना, त्यांना मराठीचं अक्षर कळत नसताना, आई सांगत होत्या : म्या हितं माघारीण बी न्हाई आन् मालकीण बी न्हाई, म्हातारपणी सासुरवाशीण झालीया. त्या बाई हसल्या, आईही हसल्या. मी स्वयंपाकघरात ऐकत होते आणि मला हसू आलं नाही.

आता त्यांचा सगळ्यात लाडका उपयोग. वस्तू हरवली की शोधायची नाही, माघारी चालायचं. जिथं ती शेवटची हातात होती तिथपर्यंत, ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, जिथं थांबलो तिथं थांबत. ‘माघारी चाललं की गावतंयच.’ तुझं कानातलं त्यांनी असंच विहिरीपासून घरापर्यंत उलटं चालून काढलं होतं, हे तू वहीत ‘गावणं’च्या पानावर लिहिलंच आहेस. इथे अवनीचं बसचं कार्ड हरवलं तेव्हा मी नवं काढायला निघाले होते. आई तिला धरून घेऊन गेल्या. लिफ्ट, ब्लॉकखालचे बाक, बसथांबा, मॉलमधलं ते गोळ्या-गोळ्यांच्या चहाचं दुकान, आणि कार्ड त्या दुकानाच्या काउंटरवर. तिथल्या मुलीनं जपून ठेवलं होतं. अवनी घरी येऊन इथल्या मुलांसारखं शेवटी ‘ला’ लावून म्हणाली, ‘आजीज मेथड रिअली वर्क्स ला.’ त्यानंतर आजी-नात दोघी महिनाभर हरवायला काहीतरी शोधत होत्या.

आणखी एक उपयोग आहे, तो त्या फार कमी करत, आणि तुझ्याबद्दलच करत. कमरेची पितळी डबी काढायची, झाकणावरचा मोर अंगठ्यानं पुसायचा आणि म्हणायचं, ‘ही माझ्या माघारी सुचीला द्यायची.’ शिरीष झाला तेव्हा अण्णांनी मिरजेहून आणलेली डबी. गेल्या वर्षभरात तू मला तीनदा विचारलंस, डबी कुठे मिळाली का. मी तीनदा नाही म्हटलं. ते खरं आहे, ती मिळाली नाही आणि मिळणारही नाही. का ते लिहिते.

डबीत काय असायचं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मिश्री तूच भाजून, कुटून, ‘मेतकूट’ अशी चिठ्ठी लावून कुणा ना कुणाबरोबर पाठवायचीस. मी पहिल्यांदा तो पुडा उघडून भातावर घ्यायला निघाले होते. इथे चघळायच्या तंबाखूला बंदी आहे आणि मिश्रीही त्यातच धरतात असं मी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून धास्तावले होते. शिरीषचा नोकरीचा पास, अवनीची शाळा, सगळं एका पुड्यापायी गोत्यात येईल असं मी त्याला सांगायचे. तो हसायचा. पण सुचित्रा, खरं कारण ते नव्हतं. कायद्याचं भय मी मलाच दाखवत होते. मला लाज वाटायची. लिफ्टमध्ये कुणी शिरलं आणि आई बोलल्या तर त्यांचे काळे दात दिसतील म्हणून मी त्यांच्या पुढे उभी राहायची.

गेल्या वर्षी पाच मार्चला, सोमवारी, मी घरून काम करत होते. सकाळी आम्ही दोघी बाजारात जाऊन आलो होतो. अकराला ऑफिसची व्हिडिओवरची मीटिंग सुरू झाली आणि माझं सादरीकरण चालू असताना आई मागून आल्या. एक बोट तोंडात, हिरड्यांवर मिश्री घासत, अगदी कॅमेऱ्यात डोकावून विचारलं, ‘ह्यात कोन कोन बसल्यात?’ सहा-सात जण हसले. वाईट हसले असंही नाही, एकानं हातही हलवला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. दुपारी आई झोपल्या, डबी उशाशी होती. मी ती उचलली, स्वयंपाकघरात गेले आणि कचऱ्याच्या नळीचं झाकण उघडून आत सोडली. आमच्या जुन्या ब्लॉकमध्ये प्रत्येक घरात ही नळी आहे, टाकलेलं थेट तळमजल्यावर जातं. आठ मजले ती आपटत गेलेली मला ऐकू आली. तिथून काही माघारी येत नाही.

उठल्यावर त्यांनी डबी मागितली. मी म्हटलं, सकाळी बाजारातून येताना कुठे पडली असेल. एवढंच वाक्य. टाकली असं सांगितलं असतं तर त्या भांडल्या असत्या, चार दिवस जेवल्या नसत्या, तुझ्याकडे तक्रार गेली असती, आणि सगळं निभलं असतं. पण मी ‘पडली’ म्हटलं. ज्या बाईचा आयुष्यभर एकच विश्वास होता की माघारी चाललं की गावतं, तिला मी हरवल्याची जागा सांगितली. त्या तेव्हाच पायात चपला सरकवायला लागल्या. मी उद्या जाऊ म्हटलं. मंगळवारी पुन्हा उद्या म्हटलं.

मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला. आईंनी कराडच्या घरी माघारी यायचं काढलं आणि तू ते वाक्य बोललीस हे खरं आहे, स्पीकर चालू होता, मीही ऐकलं. आता जे लिहिते ते दोनदा वाच. फोन ठेवल्यावर आई रडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. भाजी निवडत मला म्हणाल्या, ‘सुची म्हंती ते खरं हाय. त्या घरात आता कोन हाय? कुलपाशी बोलू का? डबी तेवढी गावली म्हंजी झालं.’ तुझ्या बोलण्यानं त्यांच्या जिवाला काही लागलं नव्हतं. त्या रात्री त्या दोन भाकऱ्या जेवल्या.

बुधवारी सकाळी शिरीष आणि अवनी गेल्यावर त्या नेसून तयार झाल्या. मी लॅपटॉप लावत होते. त्या म्हणाल्या, चल. मी म्हटलं, मला वेळ नाही. त्या म्हणाल्या, मग म्या जाती आन् माघारी येती. दार उघडून बाहेर पडल्या. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांच्या गळ्यात घालायला आम्ही एक कार्ड केलं होतं, नाव, पत्ता, माझा नंबर. ते दाराशेजारी खुंटीवर लटकत होतं. मला दिसलं. मी खुर्चीतून उठले, कार्ड हातात घेतलं, दारापर्यंत गेले. आई लिफ्टपाशी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. दहा पावलं असतील. आणि मी मनात म्हटलं, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. त्यांनीच शिकवलंय ना, मग घ्या. हे असंच म्हटलं मी, याच शब्दांत. पळत जाऊन पुढं उभं राहायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं, ते मात्र मला आठवायचं नव्हतं. लिफ्ट आली, त्या गेल्या. मी कार्ड पुन्हा खुंटीला लावलं.

मग मी बाहेरच्या पॅसेजच्या कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. आपण सगळ्यांना सांगितलं की आई अलीकडे भ्रमिष्टासारखं करायच्या, वाट चुकल्या. सुचित्रा, त्या वाट चुकल्या नव्हत्या. कमरेत वाकून, जमिनीकडे बघत त्या सोमवारची आमची वाट पावलापावलानं मागे जात होत्या. येताना झाडाखाली मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती, तिथे त्या थांबल्या. मी फोनवर बोलायला थांबले होते, त्या खांबाशी थांबल्या. मला स्वतःला ते खांब-झाड आठवत नव्हतं, त्यांना पाहून आठवलं. त्या वळणाआड गेल्या आणि मी आत येऊन मीटिंगला बसले. म्हटलं, शोधू दे, डोकं तरी थंड होईल. बाराला फोनवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली तेव्हा त्यांना जाऊन अडीच तास झाले होते.

पुढचं तुला माहीत आहे. बाजाराला लागून खाण्याच्या गाळ्यांचं जे हॉकर सेंटर आहे, तिथल्या बाकांपाशी त्या कोसळल्या. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली, पण गळ्यात काही नाही, जवळ फोन नाही, आणि शुद्ध हरपलेली. मी बाजारात दोन फेऱ्या मारून घरी आले होते, की त्या परत येतील. शिरीष पोलिसांकडे गेला आणि आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. त्या चारला गेल्या होत्या. मेंदूतला रक्तस्राव होता, आधी कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण तीन-साडेतीन तास त्या हॉस्पिटलच्या खाटेवर होत्या आणि त्यांच्या हाताला धरून कुणी आई म्हणणारं नव्हतं. कार्ड असतं तर मला दहा मिनिटांत फोन आला असता. तिथल्या कागदावर त्यांच्या नावाच्या जागी ‘अनोळखी स्त्री’ असं होतं. शिरीषनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी अंघोळीला गेले होते, त्या कधी बाहेर पडल्या कळलंच नाही. तेच तुला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला, मुकुलरावांना सांगितलं, सगळ्यांना सांगितलं.

आठ दिवसांनी मी त्या हॉकर सेंटरमध्ये गेले. ट्रे गोळा करणारे एक म्हातारे चिनी काका आहेत, त्यांनी माझी टिकली पाहून स्वतःहून विचारलं. ‘आंटी लूकिंग फॉर समथिंग ला. आय ऑल्सो हेल्प लूक,’ म्हणाले. आईंनी त्यांना बोटांनी गोल करून दाखवलं होतं. अंगठी असेल असं समजून ते त्यांच्याबरोबर गुडघ्यावर बसून टेबलांखाली शोधत होते. काय होतं, सापडलं का, असं त्यांनी मला विचारलं. मी ‘येस अंकल, फाउंड’ म्हटलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला कॉफी पाजली, आणि मी ती प्यायले.

हे सगळं मी तुझ्यापासून जन्मभर लपवून ठेवलं असतं. तेवढी मी निगरगट्ट आहे. पण गेल्या रविवारी मुकुलरावांचा फोन आला. म्हणाले, शाळा सुटल्यावर सुचित्रा घरी येत नाही, कराडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागते तिथल्या बाकावर तासभर बसते. विद्यार्थी बघतात. विचारलं तर म्हणते, आई माझ्याकडेच यायला निघाली होती, मी नको म्हटलं तरी निघाली, मग स्टँडवर कुणीतरी असायला नको का? मी फोन ठेवला आणि दोनदा तुझा नंबर लावला, तुला आठवत असेल. दोन्ही वेळा मी हवेबद्दल बोलले. फोनवर माझी जीभ माघार घेते. म्हणून पत्र. हे पोस्टात पडल्यावर मी शिरीषला सांगणार आहे, आधी सांगितलं तर तो रडेल आणि मी फाडून टाकीन.

तेव्हा ती तळाची ओळ खोड. आई तुझ्या बोलण्यानं निघाल्या नव्हत्या, तुझ्याकडे निघाल्या नव्हत्या, घराकडेही नाही. मी टाकलेली डबी, मी सांगितलेल्या जागी शोधायला त्या गेल्या आणि मी त्यांना जाताना पाहिलं. मला कळतंय मी काय करते आहे. तुझ्या त्या दुःखात निदान आई तुझ्याकडे चालत येत होती. आज मी तेही काढून घेते आहे आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे डबीसुद्धा नाही. क्षमा मागत नाही, तू कुठून आणशील? फक्त त्या स्टँडवरून उठ, सुचित्रा, त्या गाडीत कुणी नाही. आणि पानावर लिहायचंच असेल तर हे लिही. त्या दिवशी मी हाक मारली असती, तर आई चिडल्या असत्या. चिडून माघारी आल्या असत्या, खुर्चीवर बसल्या असत्या, पाणी प्यायल्या असत्या, मी गुळाचा खडा दिला असता, आणि कार्ड गळ्यात घालून त्या पुन्हा गेल्या असत्या.

अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझीच वहिनी,
संजीवनी